मावशीसाठी ॲप निवडताना

नवरा गेला की बाईने पोथी वाचावी, नातवंडे सांभाळावी आणि दुपारी वाती वळत बसावे, असे कुणी कुठे लिहून ठेवलेले नाही. तरी आपल्या सगळ्यांना ते पाठ आहे. पुरुषाची गोष्ट निराळी. बायको जाऊन वर्ष होत नाही तोच "जेवणाचे हाल होतात हो त्यांच्या" असे म्हणत नातेवाईक स्थळे सुचवू लागतात. बाईच्या जेवणाचे हाल होत नाहीत, कारण ती स्वतःच रांधते, असा काहीसा हिशेब असावा. पण एकटीपुरते रांधणे म्हणजे काय, ते जिला करावे लागते तिलाच विचारा. वाटीभर भातासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो आणि सकाळची पोळी रात्री दुधात कुस्करून खाल्ली जाते. दुसऱ्या दिवशी कुणी विचारले तर "जेवले की पोटभर" असे सांगायचे.

हे सगळे लिहायचे कारण माझी मावशी. वय वर्षे ६१. काका रेल्वेत होते, त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. खामल्यात तिचे लहानसे घर आहे, पुढे अंगण, अंगणात कढीपत्ता आणि जास्वंद. एकुलता मुलगा पुण्याला नोकरीत, सून चांगली, नातू गोड. सकाळी फिरणे, दुपारी भजनी मंडळ, महिन्याला भिशी. पाहणाऱ्याला वाटावे, बाईचे किती छान चालले आहे! ती मावशी गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी माझ्याकडे आली, फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मला ते सोबतीचं ॲप पाहिजे. कोणतं चांगलं ते तू पाहून दे."

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. शाळेचे सगळे निरोप फोनवरच येतात, त्यामुळे नातेवाइकांत फोनची डॉक्टर मीच. कुणाला विजेचे बिल भरायचे असते, कुणाला नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा असतो. पण हे काम पहिल्यांदाच आले होते.

"लग्न करायचं आहे का तुला?" मी विचारले.

"ते मला अजून माहीत नाही. पण संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ फार मोठा असते बाई. टीव्ही बोलून राहिला असते, आणि मी ऐकत बी नसते. कुणीतरी समोर बसून 'आज भाजीत मीठ जास्त झालं' म्हणणारं पाहिजे."

यावर काय बोलणार? मी चहा ठेवला आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

तसे पाहिले तर हा विषय नवा नाही. विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देणारा कायदा १८५६ साली झाला. पण कायदा झाला म्हणून लगेच लग्ने लागली नाहीत. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. या लग्नापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे याच गोदूबाई बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांनी आपली हकीकत 'माझे पुराण' या पुस्तकात लिहून ठेवली. त्या काळी प्रश्न कोवळ्या मुलींचा होता. साठीच्या बाईला सोबत हवीशी वाटेल, हे तेव्हाच्या सुधारकांच्याही मनात क्वचितच आले असेल.

आता काळ किती बदलला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला तो २०२२ च्या मे महिन्यात. म्हणजे तोवर ते चालूच होते. दुसरीकडे 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका २०१९ ते २०२१ या काळात घरोघरी पाहिली गेली. त्यात सूनच पुढाकार घेऊन सासूचे लग्न लावून देते. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका ती पाहताना डोळे पुसत होत्या. त्यातल्याच एकीला मी मावशीचे बोलले, तर तिने नाकावर बोट ठेवले. "मालिकेत ठीक आहे गं!"

पण मागणी खरी आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त. अहमदाबादचे नटुभाई पटेल यांनी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर, जोडीदार गमावलेल्यांसाठी विनामूल्य जोड्या जुळवण्याचे काम सुरू केले आणि पुढे ज्येष्ठांचे मेळावे भरवले. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढले. नावातच 'लिव्ह-इन' आहे बरे का! लग्नाची सक्ती नाही, पण चोरीही नाही. पन्नाशी-साठीची माणसे सहलीला, गप्पांना जमतात, एकमेकांना पारखतात, मग ठरवतात. मावशीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "पुण्याले काय, सगळंच आधी होते!"

आमच्या घरी संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर्तमानपत्र जरा उंच धरले. हसू लपवण्याची ती त्यांची जुनी युक्ती आहे. मग वर्तमानपत्र खाली ठेवून एकच प्रश्न विचारला, "मावशींच्या पेन्शनचं काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न ॲपच्याही आधीचा आहे, म्हणून आधी तोच सांगते. मावशीने कधी नोकरी केली नाही. काकांच्या मागे तिला रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि तेच तिचे उत्पन्न. रेल्वे आणि केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे हे निवृत्तिवेतन विधवेला तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते. मूलबाळ नसलेल्या विधवेला उत्पन्नाची मर्यादा सांभाळून पुनर्विवाहानंतरही सवलत आहे. पण मावशीला मुलगा आहे. म्हणजे तिने लग्न केले की दर महिन्याचे तिच्या हातातले पैसे थांबणार. राज्य सरकारचे, बँकांचे, विम्याचे नियम निराळे असतात. ज्यांना हा प्रश्न आहे त्यांनी ऐकीव माहितीवर न जाता, जिथून निवृत्तिवेतन मिळते तिथेच लेखी विचारावे. लग्न करून ते लपवणे तर मुळीच नको. ते कळवण्याचे बंधन असते, आणि जास्त घेतलेली रक्कम परत करावी लागते.

घराचे मात्र तसे नाही. १८५६ च्या कायद्यात एक मेख होती. पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जायचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेच्या वाट्याला आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. नंतर लग्न केले म्हणून ती कुणी काढून घेऊ शकत नाही. मावशीला हे कळल्यावर तिने मोठा श्वास सोडला. "म्हणजे जास्वंद माझीच," म्हणाली.

लग्न न करता एकत्र राहिले तर? दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात 'विवाहासारखे संबंध' असलेल्या बाईलाही संरक्षण आहे, पण त्यासाठी दोघेही लग्नाला मोकळे असले पाहिजेत, काही काळ नवराबायकोसारखे राहिलेले असले पाहिजेत, अशा अटी आहेत. शिवाय असा जोडीदार आपोआप वारस होत नाही. लग्न केले तर उलटे होते. नवा नवरा किंवा नवी बायको मुलांच्या बरोबरीने वारसात येते, आणि मुलांच्या पोटात गोळा येतो तो बहुधा इथेच. त्यावर उपाय जुनाच आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी केलेले साधे मृत्युपत्रही चालते, पण नोंदणी केलेली बरी. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झाले असे समजू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात खरे, पण तो त्यामुळे त्यांचा मालक होत नाही.

एवढे कागदाचे काम झाल्यावर आम्ही ॲपकडे वळलो. आता इथेही दारे दोन आहेत, आणि आपण कोणत्या दाराशी उभ्या आहोत हे आधी कळायला हवे.

पहिले दार विवाहसंस्थांचे. शादी डॉट कॉमसारखी संकेतस्थळे १९९० च्या दशकाच्या शेवटीच सुरू झाली. पुण्याची अनुरूप विवाहसंस्था तर त्याच्याही कितीतरी आधीची, १९७५ ची. वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे'चाच हा पुढचा अवतार. दुसरे दार डेटिंगच्या ॲपचे. टिंडर २०१२ मध्ये अमेरिकेत निघाले, बंबल २०१४ मध्ये. बंबल भारतात २०१८ च्या अखेरीस आले आणि त्याचा गाजलेला नियम असा होता की स्त्री-पुरुषाची जोडी जमली की पहिला निरोप बाईनेच पाठवायचा. २०२४ मध्ये तो नियम जरा सैल झाला. मावशीला हा नियम फार आवडला. "आमच्या वेळेला असं असतं तर मी पहिला निरोप पाठवला असता, 'पत्रिका नंतर पाहू, आधी तुमची आई कशी आहे ते सांगा.'"

आधी आम्ही विवाहाच्या एका ॲपवर नाव घातले. पहिलाच प्रश्न, हे स्थळ कुणाचे? यादीत मुलगा होता, मुलगी होती, भाऊ, बहीण होती. मावशी नव्हती. 'नातेवाईक' या शब्दावर बोट ठेवून आम्ही पुढे गेलो. मग जात, पोटजात, गोत्र, रंग, मंगळ. मावशी म्हणाली, "आता या वयात मंगळ काय करून राहिला माझं?"

आठ दिवसांत स्थळे आली. ६५ वर्षांच्या गृहस्थांना ४५ ते ५२ वयाची पाहिजे. 'निर्व्यसनी, घरकामाची आवड असलेली, जबाबदारी नसलेली' पाहिजे. जबाबदारी नसलेली म्हणजे मुले नसलेली किंवा असली तरी दारात न येणारी. एकाने तर स्पष्टच लिहिले होते की आई ८८ वर्षांची असून तिची सेवा करणारी हवी. मावशी चष्मा सारखा करत शांतपणे वाचत होती. शेवटी म्हणाली, "याला बायको नको आहे बाई, बिनपगारी नर्स पाहिजे आहे." सगळेच तसे नव्हते, हेही सांगायला हवे. दोघांनी फार सभ्यपणे लिहिले होते. पण दोघांनाही लवकर लग्न करायचे होते, आणि मावशीच्या पेन्शनचा धागा तिथे तुटत होता.

मग दुसरे दार. इथे फोटो येतात, आवडला तर उजवीकडे सरकवायचा, नाही तर डावीकडे. दोघांनीही एकमेकांना उजवीकडे सरकवले तरच बोलणे सुरू होते. वय किती ते किती, अंतर किती किलोमीटर, हे आपण ठरवायचे. आम्ही वय ५८ ते ७० आणि अंतर ४० किलोमीटर ठेवले. नागपूर एवढे मोठे शहर, इथे मेट्रो धावते, पण दहा-बारा फोटोंनंतर पडदा रिकामा! या वयाची माणसे इथे आहेतच कमी, आणि जी आहेत त्यांतल्या काहींनी फोटोच्या जागी गुलाबाचे फूल किंवा साईबाबा लावलेले. अंतर वाढवत वाढवत अमरावती, वर्धा, चंद्रपूरपर्यंत गेलो, तेव्हा कुठे चार माणसे दिसली.

स्वतःची माहिती लिहायला मावशीने दोन संध्याकाळी घेतल्या. मी म्हटले, वय दोन वर्षे कमी लिहू या का, सगळेच लिहितात. ती म्हणाली, "केस मी रंगवत नाही, तर वय काहून रंगवू?" फोटो भाच्याच्या लग्नातला नथ घातलेला काढला होता, तोही तिने बदलला. सोन्याचे दागिने घातलेला फोटो अनोळखी माणसांना दाखवायचा नाही, हे तिचे तिलाच सुचले. अंगणात साध्या साडीत उभी राहून नवा फोटो काढला, मागे घराचा नंबर दिसणार नाही अशा बेताने. मजकूर असा: 'वाचनाची आवड. सकाळी फिरते. भाकरी जमते, रोज करणार नाही. बोलायला माणूस हवा आहे, लग्नाची घाई नाही.'

आणि आला की हो एक माणूस! पांढरा गणवेश, मागे समुद्र. जहाजावर कॅप्टन आहे, बायको वारली, मुलगी वसतिगृहात. रोज सकाळी फुलांचे चित्र, रोज रात्री 'जेवलीस का?' हा 'जेवलीस का' फार वाईट असतो बरे! नऊ वर्षांत जे कुणी विचारले नाही ते कुणी रोज विचारू लागले की मन हलतेच. तिसऱ्या दिवशी त्याने मावशीला 'माझ्या राणी' म्हटले. पाचव्या दिवशी तिच्यासाठी सोन्याचे घड्याळ आणि पर्स पार्सलने पाठवली. आठव्या दिवशी ते पार्सल दिल्लीला कस्टममध्ये अडकले, आणि सोडवायला ३५ हजार रुपये एका बाईच्या खात्यात भरायचे होते.

मावशीने मला फोन केला. "अगं, तुझ्या काकानं तेहेतीस वर्षांत मला राणी म्हटलं नाही, यानं तीन दिवसांत म्हटलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि कस्टमचे पैसे कुण्या बाईच्या खात्यात काहून?" आम्ही त्याचा फोटो गूगलवर शोधायला टाकला. तोच फोटो भलत्याच नावाने परदेशातल्या कुणाच्या तरी पानावर होता. ॲपवर तक्रार केली, त्याला बंद केले. पैसे गेले नाहीत. पण मावशी दोन दिवस भजनाला गेली नाही. फसवणूक टळली तरी 'जेवलीस का' खोटे निघाले, त्याचे काय करायचे?

म्हणून ज्यांच्या घरात कुणी असे ॲप वापरत असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिते, फ्रिजवर चिकटवून ठेवण्याजोग्या आहेत. बोलणे सुरुवातीला ॲपवरच ठेवावे, आपला फोन नंबर, घरचा पत्ता, बँकेचे नाव सांगू नये. फोटोची खातरजमा केल्याची खूण ज्यावर असते असे ॲप निवडावे, आणि तरीही प्रत्यक्ष भेटीआधी एकदा व्हिडिओवर बोलावे. मात्र अनोळखी नंबरावरून अचानक आलेला व्हिडिओ कॉल उचलू नये. त्यातून धमकावण्याचे प्रकार होतात. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपी सांगायचा नाही, कुणी सांगितले म्हणून दुसरे ॲप फोनवर घ्यायचे नाही. आणि इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांकही आहे.

एव्हाना ही बातमी पुण्याला पोचली होती. मावसभावाचा फोन आला, तो आधी मला. "तू आईला हे काय शिकवून राहिली?" मग तिला. "आई, तुला काय कमी आहे? पैसे पाठवू का? इकडे येऊन राहा."

मावशी म्हणाली, "कमी काहीच नाही बाळा. वेळ जास्त आहे."

भाऊ वाईट नाही. त्याला भीती वाटते, आईला कुणी फसवेल याची, लोक बोलतील याची, आणि वडिलांची जागा कुणी घेईल याचीही. शेवटची भीती तो बोलून दाखवत नाही, पण काकांचा फोटो बैठकीत आहे ना, असे त्याने दोनदा विचारले, तेव्हा कळलेच. मावशीने त्याला सांगितले, "फोटो आहे आणि राहील. तुझ्या बाबांची जागा मोकळी नाही. बाजूची खुर्ची मोकळी आहे." त्यानंतर तिने मृत्युपत्र केले. घर मुलाच्या नावाने, तिच्या हयातीनंतर. हयातीत मात्र कुणालाही लिहून दिले नाही. वकिलीणबाईंनीच बजावले होते की प्रेमापोटी जिवंतपणी घर देऊन टाकू नका, मुलाला नाही आणि मित्रालाही नाही. मृत्युपत्राची प्रत तिने पुण्याला पाठवली. भावाचा त्यावर आठ दिवस फोन आला नाही.

शेवटी मावशीने कोणते ॲप ठेवले? नाव देत नाही, कारण मला कुणाची जाहिरात करायची नाही. आणि आज चांगले असलेले उद्या तसेच राहील असे नाही. पण तिने निवडले ते कशावरून, ते सांगते. 'लग्न' आणि 'सोबत' यांत फरक करून लिहिण्याची सोय त्यात होती. फोन नंबर समोरच्याला दिसत नव्हता. नको असलेल्या माणसाला एका बोटाने बंद करता येत होते. आणि मोठे वय टाकले तरी ते 'काहीही सापडले नाही' म्हणत नव्हते. पैसे भरायचे की नाही यावर आम्ही भांडलो. तिने एका महिन्याचे भरले, वर्षाचे नाही. "भिशीसारखं आहे, आधी एक महिना माणसं पाहायची," म्हणाली.

त्या महिन्यात एक गृहस्थ भेटले. बँकेतून निवृत्त, मूळचे अमरावतीचे, मनीषनगरला राहतात, बायको जाऊन चार वर्षे झालेली. फोटोत हसत नव्हते, म्हणून मावशीला खरे वाटले. तीन आठवडे लिहिणे, मग व्हिडिओ, मग भेट. भेट दुपारची, गर्दीची जागा, शंकरनगर चौकातल्या मेट्रो स्टेशनजवळच्या उपाहारगृहात. येणे-जाणे स्वतःचे, बिल अर्धे-अर्धे, आणि मी दोन टेबले सोडून शाळेचे पेपर तपासत बसलेली. मावशीने हे त्यांना आधीच सांगितले होते. "भाची बसणार आहे, चालेल ना?" ते म्हणाले, "चालेल जी. माझी मुलगी बी मागच्या टेबलावर आहे." मी मागे वळून पाहिले, तर एक मुलगी फोनमध्ये डोके घालून हसू दाबत होती.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर औषधांची यादी होती. "मला शुगर आहे, रक्तदाब आहे, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे. स्वयंपाकात चहा आणि पोहे. तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं." मावशीनेही तीन प्रश्न विचारले. घरी कोण कोण असतं? मुलांना माहीत आहे का? कुणाचं कर्ज आहे का? ही उलटतपासणी तासभर चालली. मी दोन पेपरांपुढे गेले नाही.

आता दर गुरुवारी ती दोघे भेटतात. कधी फुटाळ्यावर फिरतात, कधी मेट्रोने नुसतीच या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. उन्हाळ्यात तेवढाच गारवा! रोज रात्री आठला फोन असतो. घरे दोन, स्वयंपाकघरे दोन, पैसे आपापले. लग्न करायचे, एकत्र राहायचे की असेच राहायचे, ते त्यांनी ठरवलेले नाही. पेन्शन आहे तोवर मावशीचा हात कुणापुढे पसरत नाही, आणि ते तिला सोडायचे नाही. त्यांनाही ते पटले आहे. पुढे एकत्र राहायचे ठरले, तर खर्च कुणी किती करायचा, आजारपणात कुणाच्या मुलांना आधी कळवायचे, कोणते घर कुणाचे, हे सगळे आधी लिहून ठेवायचे, एवढे मात्र दोघांनी ठरवले आहे.

भाऊ अजून त्या गृहस्थांना भेटलेला नाही. या दिवाळीला येतो म्हणाला आहे. येईल तेव्हा काय होईल, मला खरेच सांगता येत नाही. परवा फोनवर त्याने आईला विचारले, "ते गोड खातात का? शुगर आहे म्हणालीस ना?" मावशीने मला हे दोनदा सांगितले.

तुमच्याही आईने, सासूने, मोठ्या जावेने कधी फोन पुढे करून असे काही विचारले, तर तिला लगेच हो म्हणा असे मी म्हणत नाही. पेन्शनचे नियम पाहा, माणूस पारखा, बरोबर जाऊन बसा. फक्त "तुला काय कमी आहे?" असे विचारण्याआधी एक करा. एखाद्या दिवशी कुणालाही न सांगता तिच्या घरी जा, आणि संध्याकाळी सहा ते नऊ तिच्याजवळ बसून पाहा.